उमेदवारीची वही

एम्डेन. आठवडा तेविसावा.
सोमवार: तिसऱ्या मजल्यावर अठ्ठेचाळीस केबल ओढल्या.
मंगळवार: प्रिंटर.
बुधवार: तोच प्रिंटर.
गुरुवारी शाळा, सबनेट आणि सामाजिक विम्याचे नियम.
वहीत एवढंच लिहायचं, केलं ते.
वाटलं त्याला रकाना नाही.

शुक्रवारी फ्राऊ ओनकेन सही करतात,
हिरव्या पेनानं, पहिला 'ओ' तेवढा नीट, पुढं नुसती रेघ.
सहीआधी चहा. तळाशी खडीसाखर,
तिच्यावर चहा, वर सायीचा थेंब,
आणि ढवळायचं नाही.
मी कासेलचा, मला काय ठाऊक.
पहिल्या दिवशी ढवळला तर
खोलीतली चार माणसं एकदम गप्प झाली.
"सर्व्हरचंही असंच," त्या म्हणाल्या,
"लगेच हात घालायचा नाही.
साखर तडकते ती आधी ऐकायची."

आई फोनवर विचारते, कंपनी केवढी मोठी रे?
सांगतो, माझ्या बिल्ल्यानं तीन दारं उघडतात.
बाकीची मी बाहेरून पाहिलीत.

मार्चमध्ये मी हात घातला.
पिवळी केबल. पिवळ्या दोन होत्या.

अकरा मिनिटं
शेडमधली क्रेन हवेत थांबली,
पोटाशी पवनचक्कीचं पातं धरून, साठ मीटरचं.
खाली हेल्मेटवाले माना वर करून उभे.
सात हजार माणसांची कंपनी
आणि माझी दोन बोटं.
मनात मी सामान भरायलाही घेतलं होतं,
मासेवाल्याच्या दुकानावरच्या त्या खोलीतलं, होतं तेवढं.

फ्राऊ ओनकेन आल्या. केबल जागेवर बसवली.
टक् असा आवाज झाला, एवढाच.
"वहीत लिही," म्हणाल्या.
मी लिहिलं: केबल निघाली.
त्यांनी वाचलं, वही परत सरकवली.
"कर्ता कुठाय?"
खोडलं. लिहिलं: मी काढली.
मग सही.

जूनमध्ये एक तिकीट आलं.
खाते बंद करणे. व्युब्बेना, एनो. सुटे भाग विभाग.
शुक्रवार, चार वाजता.
तो स्वतःच आला, पावणेचारला, लॅपटॉप छातीशी,
चार्जरची वायर गुंडाळून तिला रबरबँड लावलेला.
असं कुणी परत करत नाही.
"पासवर्ड सांगू नका," मी म्हणालो;
पहिल्या आठवड्यात आम्हाला तेच शिकवतात.
तो सांगून मोकळा झाला:
बोस्को शहात्तर.
"आमचा कुत्रा. दर नव्वद दिवसांनी बदला म्हणतात,
मी आपला एकेक आकडा वाढवत आलो."

मी मनात भागाकार केला. एकोणीस वर्षं.
कुत्रा एवढा जगत नाही.
"सत्ताविसाव्याला गेला," तो म्हणाला,
जणू मी मोठ्यानं विचारलं होतं.
"पण नाव बदललं असतं तर विसरलो असतो."
काय विसरला असता, ते मी विचारलं नाही.

चौकटीत खूण केली. यंत्रानं विचारलं: नक्की?
चारला दोन मिनिटं कमी होती.
बटणावर बोट ठेवून मी
ती दोन मिनिटं जाऊ दिली.
तो वाकून पडद्यावर आपलं नाव वाचत होता,
दारावरची पाटी वाचावी तसं.
मग म्हणाला, "हं," आणि जिन्यानं गेला,
लिफ्ट उघडी असताना.

शुक्रवार: मी एका माणसाचं खातं बंद केलं.

'माणसाचं'पाशी हिरवं पेन थांबलं.
नियमानं तो शब्द जादा.
फ्राऊ ओनकेननी पुन्हा चहा ओतला,
साखर तडकली,
आम्ही दोघांनी ऐकली.
मग नीट 'ओ', पुढं रेघ.

सोमवारी सकाळी माझ्याच पडद्यावर सूचना:
तुमच्या पासवर्डला नव्वद दिवस झाले.
माझ्याकडे कुत्रा नाही.
कर्सर बराच वेळ लुकलुकत राहिला.
शेवटी मीही एक शब्द टाकला, पुढं एक आकडा.
कोणता ते सांगत नाही;
पहिल्या आठवड्यात तेच शिकवतात.