गाऱ्यातली बाई

गारा म्हटलं की मला द्राक्षांवर पडणाऱ्याच ठाऊक.
देवळाली कॅम्पात, लाम रोडच्या बंगलीत
तेहमीबाईंनी मलमलीत गुंडाळलेली साडी टेबलावर ठेवली
आणि म्हणाल्या, हा गारा. माझ्या सासूच्या सासूचा.
चीनहून आला, जहाजाने, चहाच्या पेट्यांना टेकून.
हुंग, अजून वास येईल.
मी हुंगलं. डांबराच्या गोळ्यांचा आला.

जांभळ्या रेशमावर पूल, पुलावर बाई,
हातात पंखा, पंख्याहून लहान पाऊल.
बगळे शाबूत, शेवंती शाबूत,
पुलाचा दगड न् दगड शाबूत.
बाईचा फक्त चेहरा गेलेला.
शंभर वर्षं घडी तिथेच पडत होती,
नेमकी नाकावरून.

होता तसा करून दे, म्हणाल्या.
कसा होता?
आठवेना. लग्नाच्या फोटोत
तिथे नवऱ्याचा कोपर आला आहे.

मी रफू करते. सुताला सूत जोडते.
तोंड द्यायचं म्हणजे
आजवर मला गिऱ्हाइकांनाच द्यावं लागलं.

संध्याकाळी जेल रोडला उतरले.
कोपऱ्यावर चायनीजची गाडी, तिच्या पत्र्यावर
अरिंगळे पेंटरची बाई:
डोळ्यांच्या जागी दोन तिरप्या रेघा,
अंबाड्यात आडव्या काड्या,
आणि कपाळावर टिकली.
टिकली कशी हो?
"हात थांबत नाही, ताई. बाई काढली की पडतेच."
इतकी वर्षं तिच्यासमोर उभी राहून
मी मंचुरियन खाल्लं,
तिच्याकडे पाहिलं आजच.

तेहमीबाईंचा भाचा होशांग रॉटरडॅमहून
संग्रहालयातली चित्रं मोबाइलवर धाडतो.
ह्या घरच्या, तो लिहितो,
चिन्यांनी चिन्यांसाठी काढलेल्या.
बोटांनी मोठ्या करून पाहिल्या.
एक मांडीवर वीणेसारखं काही घेऊन खिडकीशी, वाट पाहत.
एक आरशाशी, वाट पाहत.
एक केळीच्या पानाआड. तिचीही तीच तऱ्हा.
घरी काढा नाहीतर दारी पाठवा,
हातातली वस्तू तेवढी बदलते.
शेवटच्या चित्रात मात्र, कडेला, एक दासी
वाकून निखारे फुंकते आहे. गाल टम्म.
तिला सुंदर करायला वेळ नसावा त्याच्याकडे,
म्हणून ती जिवंत राहिली.

रात्री गारा उलटा केला.
उलट्या बाजूला पूल नाही, पंखा नाही,
नुसत्या गाठी, आणि कुणाचे तरी दिवस.
पहिल्या बगळ्याचे टाके ताठ, तिसऱ्याचे सैल.
ती उठून पाणी प्यायली असेल. कुणी हाक मारली असेल.
इथे दोरा संपला, पुढचा पांढरा जरा पिवळट आहे;
तोही संपत आल्यासारखा पुरवून वापरलेला.
मी 'ती' म्हणते. पुरुषही भरत असत, होशांग सांगतो.
असतील.
बाई, पूल, पंखा, असा नमुना पुढ्यात पडला असेल.
कोण नेसणार, कुठल्या गावी,
हे त्या हाताला कुणी सांगितलं नसेल,
आणि नाशिक हा शब्द तर
त्याच्या कानावरही नसेल गेला.

अकरा दिवस लागले.
डोळे आधी केले, उघडे, रेघा नव्हेत.
कपाळाशी आले तेव्हा हात आपसूक वर गेला.
थांबवला.
गालांवर मात्र दोन टाके जास्त पडले,
मुद्दामच.

तेहमीबाईंनी भिंग लावलं.
बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग, "ही काय फुंकते?"
"चहा गरम असेल."
"अशी नव्हती."
"नसेल."

पैसे मोजून दिले. मलमल झटकली.
घडी घालताना थांबल्या,
आणि या खेपेला ती
पंख्यावरून घातली.