पाडेली

फोंड्याच्या वर्गात पंखा खडखडतो.
उल्हास वेळीप पाडेल्याचं काम करतोय :
खांद्यावर दोर, कमरेला कोयता,
आवाज मुद्दाम खरखरीत.

मी म्हणते, दोर ठेव. कोयता ठेव.
तो आवाजही ठेव खाली.
सांग, याची चप्पल कुठल्या बाजूनं झिजते?
नोटा मोजताना बोट ओलं करतो का?
सकाळी घरातून निघाला
तो कुणावर रुसून?

उल्हास गप्प. मग हळूच,
"टीचर, म्हजो बापूय पाडेली."
मला ठाऊक नव्हतं.

तो बाहेर गेला, परत आला,
हात मोकळे.
केलं काहीच नाही त्यानं,
फक्त उंबऱ्यात थांबून आधी वर पाहिलं,
बागेत शिरताना पाहतात तसं.

पंख्याखालच्या दोन खुर्च्या
न सांगता सरकल्या.
त्यांतली एक माझी.