अर्धा तास पुढं

मसाला मार्केटात सगळे विचारतात,
काय पाहिलंस रे चार दिवसांत बिश्केकला?

केतकी दाखवत होती.
हा चौक, हा घोड्यावरचा पुतळा,
हे आमचं कॉलेज, इथं मुडदे फाडायला शिकवतात.
रस्ता संपतो तिथं बर्फाचे डोंगर,
पारसिकच्या टेकडीवर कुणी चुना ओतावा तसे.
मी मान हलवत होतो.

मग ओश बाजार.
जर्दाळूचं पोतं पाठीवर घेतलेला एक म्हातारा
त्याच्या भाषेत वाट मागत आला
आणि मला कळलं:
पन्नास किलो. डावा गुडघा गेलाय.
न विचारता मागून हात दिला.
पोतं उतरल्यावर त्यानं माझा खांदा चाचपला,
घट्टा सापडला त्याला.
गोल रोटी मोडून अर्धी माझ्या हातात.

बाबा, तुम्ही फिरायला आलाय ना, केतकी म्हणाली.
फिरतोच आहे की.

तुर्भ्याला परत येऊन नववा दिवस.
घड्याळ अजून तिकडचंच, अर्धा तास पुढं.
ट्रक लागायच्या आधीच
हुक घेऊन धक्क्यावर उभा असतो.
मुकादम म्हणतो, साडेसातच झालेत, भोसेकर.
नाही, म्हणतो मी,
आठ वाजले.
वर्गात गेली असेल.