निळी नाडी

माझा माग म्हणजे जुन्या दाराची चौकट,
वर-खाली दोन-दोन बोटांवर खिळे.
फ्रिज आणि तांदळाचा डबा यांच्यामधे उभी असते.
फ्रिज उघडायचा तर आधी तिला सरकवावं लागतं,
म्हणून घरात सगळ्यांना ती ठाऊक आहे.
काय विणतेस, कुणी विचारत नाही.
विचारतात, दही काढू का?

लोकर पट्टणकोडोलीची, विरुपाक्ष सनगरांच्या घरची,
काळी, जराशी राखेरी. उन्हं तापली
की खोल्याखोल्यांतून कळप फिरतो.
"शेरडं बांधलीस का काय गं आत?" आत्याबाई म्हणतात,
नाकाला पदर लावतात
आणि त्याच लोकरीच्या गाठोड्याला टेकून टीव्ही बघतात.

ह्यांनी उद्यमनगरातून फणी करून आणली,
आडवा धागा ठोकून बसवायला.
पितळेची, मिलिंगवर दात पाडलेली, पावणेदोन किलो.
माया वजनावरूनच कळली.
आठवड्यात मनगट धरलं,
तेव्हापासून मी जेवणाच्या काट्यानं ठोकते.
फणी मागच्या दाराला लावलीय,
कितीही वारा आला तरी दार आपटत नाही.

वेळ मी शिट्ट्यांवर मोजते.
डाळीला चार शिट्ट्या, म्हणजे सहा ओळी.
रविवारी मटणाला बोटभर काम होतं,
पण पांढऱ्या रश्श्याचं खोबरं पिळलं की हात तेलकट,
मग लोकरीला शिवायचं नाही, नुसतं बघायचं.
बघणंही मी विणण्यातच धरते.
जिथे गॅसवाला आला, तिथे ओळ सैल आहे.
जिथे ओवीला ताप होता,
तिथे इतकी घट्ट की सुई शिरत नाही.

"पायपुसणं म्हणायचं का जाजम?" जाऊबाईंनी विचारलं.
म्हटलं, रंकाळा आहे, पहाटेचा.
"मग पाणी कुठाय?"
पाणी यायचं होतं अजून.
त्यासाठी इचलकरंजीच्या सुताला पीळ देऊन
निळीत तीनदा बुडवून ठेवला होता एक दोर,
तीन रात्री, भांडी उरकल्यावर, न्हाणीतल्या बादलीत.
साडेतीन हात.

शुक्रवारी तो नव्हता.
फडताळात नाही, ओट्याखाली नाही.
"थांब, मी हुडकतो," म्हणत आत्याबाईंनी
स्वतःची पानाची चंचीसुद्धा उलटी केली.
मी सगळ्यांवर ओरडले. आमटी खारट झाली.
कुणी काही बोललं नाही, पाणी पीत राहिले.

संध्याकाळी मैदानावर गेले,
पेठेच्या पोरांची मॅच, चौदा वर्षांखालची.
पहिल्याच कॉर्नरला
इंद्रजीतच्या उजव्या बुटात
माझं पाणी.
घोट्याभोवती दोन वेढे,
गाठ मारलेली, तीही चुकीची.

"मार की रं!" लोक ओरडत होते.
मीही ओरडले.
गोल व्हावा म्हणून, की नाडी सुटेल म्हणून,
आज सांगता यायचं नाही.

हरले. एक-शून्य.
परतताना गंगावेशीत म्हशीखालचं दूध प्यायला,
ओठावर फेसाची मिशी तशीच ठेवून म्हणाला,
"मम्मी, जुनी नाडी तुटली हुती.
तू काट्यानं ठोकत बसलेलीस,
म्हटलं नको हाक मारायला."

एरवी पेन्सिल सापडत नाही म्हणून
तीनदा हाक मारणारं पोर.
मी त्याचं तोंड पुसलं, जरा जोरातच.

नाडी धुतली नाही.
गाठ सोडवायला मात्र अर्धा तास गेला,
दातही लावावे लागले, मातीची चव आली.
रविवारी दुसऱ्या शिट्टीला पाणी भरायला घेतलं.
काठाशी थोडं मातकट झालंय.
जाऊबाई डाग म्हणतील, म्हणू देत.

साडेतीन हातांतला वीतभर दोर मैदानातच झिजला, तुटला.
डावीकडे, झाडांखाली,
पाणी कमी पडलं.
तिथे काय घालायचं, अजून ठरत नाही.
काटा हातात आहे.
"सरकव गं जरा," आत्याबाई मागे उभ्या आहेत,
हातात विरजणाची वाटी.