वॉर्ड चारचा आवाज

"ऐका हो ऐका" नको, बोस्त्यांव म्हणाला,
ते जत्रेतलं. नुसतं नाव सांग आणि सुरू कर.
त्याच्या पिकअपच्या टपावर भोंगा बांधलाय
विहिरीच्या दोरीनं,
आणि माइकला अजून गोकुळदासच्या पानाचा वास.

मी सुरंगा पालयेकर.
वॉर्ड चारची पंच, गेली तीन वर्षं.
तीन वर्षं सही माझी, आवाज घरधन्याचा.
तो मडगावला इस्पितळात, नाकात नळी,
म्हणून आज वाड्याला कळलं
पंचबाईला घसा आहे.

तर कळवते ते असं.
तांदूळ पाच किलो, तूरडाळ एक.
माणशी नाही, कार्डामागे.
कार्ड नाही त्यांनीही यावं,
त्यांचं मी बघते. (हे वाक्य कागदावर नव्हतं.)
गृह आधारचे पैसे आलेले नाहीत.
येतील असं म्हणत नाही. आले की सांगेन.
मिंगेल पोदेर उद्यापासून फिरणार,
पण पोंय वाजवणार नाही, पोरं धावत सुटतात.
पाव दारातल्या पिशवीत. पिशवी रात्रीच टांगा.
मासळी नाही.
मासळी नाही हो, पुन्हा पुन्हा विचारू नका,
बांगडा काही पंचायतीच्या ठरावानं येत नाही.
ऑक्सिमीटर दोन आहेत. एकाला सेल नाहीत.

शाणूमावशी खिडकीतून ओरडली,
"मतां मागूक आयिल्ली तेन्ना घोव उलयतालो,
आतां तुका जीब फुटली गो?"
लोक हसले, मास्कच्या आत. मीही.
मग तिनं हळूच विचारलं, गोकुळदास जेवता मगो?
माइक बंद करायचा राहिला होता.
"काल वाटीभर पेज घेतली"
हे सगळ्या वॉर्डानं ऐकलं.

किरणपाणीला आमचा रस्ता संपतो.
पुलावर पत्र्याची पिंपं, मातीचा ढीग, पेंगणारा पोलीस.
पलीकडे आरोंदा. तिथलं सरकार वेगळं, रेशन वेगळं,
हद्द म्हणे नदीच्या मधोमध आहे,
जिथं कुणाचा पाय टेकत नाही.
माझं माहेर त्या काठाला. मांगराची कौलं इथून मोजता येतात.
बोस्त्यांव म्हणाला, वळवतो गाडी,
हे आपले मतदार नव्हेत.
म्हटलं, थांब जरा.

पहिल्यापासून वाचलं, सावकाश.
तांदूळ. डाळ. पाव. ताप आला तर फोन कुणाला.
नंबर दोनदा.
पलीकडे माणसं जमत गेली,
एकमेकांपासून लांब लांब, कुंपणाच्या खुंटांसारखी.
यातलं त्यांना काही मिळायचं नव्हतं
आणि ते त्यांना ठाऊक होतं.
तरी ऑक्सिमीटरपर्यंत उभी राहिली.

एक बाई पाण्यापर्यंत खाली उतरली,
लुगड्याचा ओचा वर धरून.
तिचा आवाज पोचेना. मग हातानं दाखवलं:
चिमटीत काहीतरी बारीक, तोंडाकडे नेलं,
मग दोन्ही तळवे उघडे.
प्रेशरची गोळी. संपली.
बारा वर्षं एकच गोळी घेते आई,
नाव मला पाठ आहे.

पुढचं माइकवर सांगण्यासारखं नाही.
एवढंच, की रात्री भरतीला
एक होडी दिव्याशिवाय गेली.
तिच्यात अकरा पाकिटं होती. एक आईचं.
बाकीची कुणाची ते आमच्या वॉर्डातल्या सुनांना विचारा,
सांगणार नाहीत.
पोलीस झोपला होता.
निदान नंतर त्यानं तसं सांगितलं.

गोकुळदासचा फोन आला, दम लागत होता.
म्हणाला, माइक तोंडापासून चार बोटं लांब धर,
"फ" आला की भोंगा फुटतो.
तिथं बसून ह्यानं कसं ऐकलं?
कुणीतरी फोन उचलून धरला होता म्हणे भोंग्यासमोर.
अख्खा वेळ.

उद्या साडेनऊला पुन्हा येईन.
सेल मिळाले तर तेही सांगेन.
पिशव्या टांगायला विसरू नका.