ठाव

पोहण्याच्या तलावाचं पाणी उपसायला ओडालीस आली
तेव्हा स्तामातिस फाटकातच उभा राहिला, हात कमरेवर,
जणू घराची झडती आहे.

"पूर्ण रिकामा नाही करायचा," ती म्हणाली.
"इथं फ्लोरिडात दोन हात खणलं की पाणी.
रिकामा तलाव खालच्या पाण्यावर उचलला जातो.
माझ्या एका गिऱ्हाइकाचा आला होता वर, एका रात्रीत,
फरशा, पायऱ्या, शिडी, सगळ्यासकट,
अंगणात होडी लागावी तसा."

मी खिडकीतून ऐकत होते, गुडघ्यावर बर्फाची पिशवी.
मला हसू आलं. एवढा जड सिमेंटचा खड्डा,
आणि त्याला जागेवर धरून ठेवायला
त्याच्याच पोटात पाणी लागतं.

नकाशा तीन आठवडे जेवणाच्या टेबलावर पडून आहे.
त्यावर कॉफीच्या कपांची वर्तुळं, ऑलिव्हची एक बी
आणि एक आकडा, पाचदा खोडलेला.
तो लिहितो नऊ.
मी लिहिते साडेचार.
डॉक्टर म्हणाले, गुडघा नवा बसवलाय, आता पाण्यात चाला.
नऊ फुटांत चालता येत नाही.
मला पोहता येत नाही हे लग्नाच्या चव्वेचाळीस वर्षांत
त्याला अधूनमधून नव्यानं कळतं.

सासरे समुद्रातून स्पंज काढायचे.
काळिम्नोसहून आलेले, टार्पन स्प्रिंग्जच्या धक्क्यावर राबलेले.
पितळी शिरस्त्राण, शिशाचे बूट, वीस वाव खाली.
(त्यांच्या घरात बोलायला एवढा वाव कधीच नव्हता.)
एका हिवाळ्यात फार वेगानं वर आले
आणि पुढची सगळी वर्षं डावा पाय ओढत चालले.
हा तलाव त्यांचाच. गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून
नऊ फूट मोजून घेतले.
आणि मग कधी उतरलेच नाहीत त्यात.
संध्याकाळी काठाला खुर्ची टाकून बसत,
पोरांनी तळाशी टाकलेली नाणी
वरूनच मोजत. चूक होत नसे.

हे मला ठाऊक आहे,
म्हणून तर मी माझा आकडा पेन्सिलनं लिहिते.

पण खोडत नाही.
घोटाभर, गुडघाभर, कमरेइतकं, छातीइतकं,
आणि पुढं एकदम पुरुषभर.
बाईभर पाणी असं कुणी म्हणत नाही.
मला बाईभर हवंय. दोन्ही पावलं टेकलेली,
हनुवटी कोरडी,
आणि मधलं सगळं वजन
दुसऱ्या कुणीतरी उचललेलं.

काल ओडालीस दर घेऊन आली. चार ट्रक खडी,
नवा गिलावा, नवा पंप, कुंपणाचं फाटक वेगळं.
"आधी जुन्या तळाला भोकं पाडायची," ती म्हणाली,
"म्हणजे खालचं पाणी कोंडणार नाही.
वर खडी. त्याच्यावर नवा तळ."
"आणि जुना?" स्तामातिसनं विचारलं.
"तो कुठं जातोय? राहतो खाली."
"म्हणजे नऊ फूट तिथंच असणार."
"असणार की."
तो उठला, सिंकमधला एकच कप
बराच वेळ विसळत राहिला.

मग फरशीच्या रंगावरून भांडला. मला फिकट हवी होती,
त्याला ती निळी, जिच्यात तळ दिसत नाही.
साडेचार फुटांत काय लपवायचंय, मी म्हटलं.
उत्तर नाही. निळी ठरली.

परवान्याच्या अर्जावर खोलीच्या रकान्यात
आज त्यानंच लिहिलं, पेनानं: साडेचार.
आणि शेजारी, मुंगीएवढ्या अक्षरात:
खाली आणखी साडेचार.

दुपारी नगरपालिकेतून एका बाईंचा फोन आला.
हे खाली आणखी म्हणजे नक्की काय, बाई?
स्तामातिस बाहेर होता, उरल्यासुरल्या हिरव्या पाण्यात,
पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, काहीतरी शोधत.

मी म्हटलं, राहू द्या ते.