तीन चौकोन

सप्टेंबरात आम्हाला वाटून टाकलं.
चौसष्ट जणांचा वर्ग. डीनबाईंनी टेबलावर नकाशा पसरला
आणि तापल्या तेलातल्या मोहरीसारखे आम्ही उडालो:
कुणी निकेलच्या खाणीपाशी, कुणी रूळ संपतात तिथं,
तेओदोर पार उत्तरेला,
नदी गोठल्याशिवाय जिथं रस्ताच होत नाही.
माझ्या वाट्याला कागद गिरणीचं गाव,
थंडर बेहून साडेतीन तास पश्चिमेला.
वाटेत एक रेखांश ओलांडला की घड्याळ तासभर मागं पडतं,
म्हणून नऊचं लेक्चर मला आठला.
पडद्यावर सगळे न्हाऊनधुऊन बसलेले,
मी बुटांतला बर्फ झटकतेय.
मूत्रपिंडाच्या सरांचा आवाज
त्यांच्या ओठांमागून लंगडत येतो.
"काही शंका?"
आमची शंका पोचेपर्यंत ते पुढच्या स्लाइडवर.

इथं अकरा खाटा.
एक एक्स-रे मशीन, नर्सा तिला मालकीणबाई म्हणतात,
कारण तापायलाच वीस मिनिटं घेते.
आणि डॉक्टर किवेला.
आजोबा फिनलंडहून झाडं तोडायला आलेले,
हा नातू शब्दसुद्धा मोजून तोडतो.
पहिल्या दिवशी एवढंच म्हणाले,
"स्टेथोस्कोप आधी काखेत धर. गार लागला की माणूस दचकतो,
आणि दचकलेलं हृदय खोटं बोलतं."

माझ्या खिशात प्लास्टिकमध्ये मढवलेली यादी:
नाव सांगा. हात धुवा. परवानगी घ्या.
मोकळा प्रश्न विचारा. मध्ये बोलू नका.

व्हर्ना मँडमिन, वय एकाहत्तर, धाप.
मी नाव सांगितलं. हात धुतले. परवानगी घेतली.
तिनं मला नखशिखांत पाहिलं.
"ते कळलं गं. पण तू कुणाची?"

यादीत हे नव्हतं.
म्हटलं, आई हर्स्टची, शाळेत फ्रेंच शिकवते.
बाबा लाकडांचा ट्रक चालवायचे, आता पाठ गेली.
"कुठल्या रस्त्यावर?"
अकरा नंबरच्या.
"माझा धाकटा त्याच रस्त्यावर गेला. मूस आडवा आला."
मग माझे काका, मग आमची नदी,
मग माझ्या आजीचा खुबा मोडला तेव्हा रात्री कोण जागलं.
वीस मिनिटांत तिनं माझी सगळी हिस्टरी घेतली,
कौटुंबिक, सामाजिक, पूर्वीचे आजार,
आणि दर चौथ्या शब्दाला ती थांबत होती.
मी मोजलं नव्हतं.
दारात उभ्या किवेलांनी मोजलं होतं.

रात्री तिच्या फुप्फुसांत पाणी चढलं.
विमान मागवलं. धुकं.
पुन्हा मागवलं. धुकंच.
थंडर बेचे तज्ज्ञ पडद्यावर डोस सांगत होते,
आकडा मध्येच तुटला.
किवेलांनी तो केव्हाच दिला होता.
मला म्हणाले, पाठीला उशी लाव. हात धर. श्वास मोज.
चौतीस. बत्तीस. बत्तीस. छत्तीस.
मास्कआडून व्हर्ना काहीतरी पुटपुटली, आपल्या भाषेत,
तेच ते, तीनदा.
मला वाटलं, प्रार्थना.
नात म्हणाली, "कुत्र्याला घरात घेतलं का, विचारतेय."
पहाटे सव्वापाचला, सव्वीस.
मी दोनदा मोजलं. सव्वीसच.
हात अवघडला होता, तो तसाच राहू दिला.

रविवारी लॉगबुक भरायचं असतं.
प्रत्येक ओळीपुढं तीन चौकोन:
पाहिलं. मदत केली. स्वतः केलं.
लघवीची नळी: मदत केली.
डोस ठरवणं: पाहिलं.
श्वास मोजणं ही प्रक्रिया धरतात का, माहीत नाही,
कुठंच लिहिलेलं नाही.
तेओदोरला विचारावं म्हटलं तर त्याचा फोन लागत नव्हता.
शेवटची ओळ रिकामी होती. तिथं लिहिलं:
कुत्रा घरात घेतला. सकाळी सात, उणे एकतीस.
स्वतः केलं.

किवेलांनी चष्मा वर सरकवला,
ओळ वाचली, सही केली.
वही परत देताना म्हणाले,
"नाव काय कुत्र्याचं?"

मी विचारलंच नव्हतं.